जुन्या पद्धतीचा चहा घरी: पितळी पातेलं, किटली आणि सामोवार

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

घरात चहाच्या तीन जुन्या वस्तू धड अवस्थेत आहेत आणि त्या शोकेसमध्ये न ठेवता वापरात आणायच्या आहेत. पितळेचं दीडेक लिटरचं पातेलं, चिनी मातीची किटली टीकोझीसकट (किटली गरम ठेवायची कापडी टोपी) आणि कोळशावरचा पितळी सामोवार. पत्ती वाण्याकडची नेहमीची दाणेदार, दूध म्हशीचं, पाणी बोअरचं.

अडचणी अशा. पातेल्यात गुळाचा चहा केला की दूध फाटतं, पण रोज नाही, अधूनमधून. कशामुळे ते कळत नाही. किटलीत पत्ती टाकून वरून आधण ओतलं की पहिला कप पाणचट निघतो आणि शेवटचा तोंड वाकडं होईल इतका कडू. चहा थोडा निवला की वर तेलकट दिसणारा तवंग येतो, कोऱ्या चहात तर जास्तच. आणि सामोवार पेटवायचा कसा, पत्ती त्याच्या पोटात टाकायची की बाहेर, हेच ठाऊक नाही.

प्रमाणासकट सांगा. "चवीनुसार" आणि "अंदाजाने" नको, राव.

गूळखडा (सांगली)

गुळाचं मी सांगतो, बाकीचं इथली मंडळी सांगतीलच.

"गुळाने दूध नासतं" हे अर्धंच खरं आहे. गूळ किंचित आंबट असतो, सामू (पीएच, जितका कमी तितकं आंबट) साधारण ५ ते ६. ताज्या दुधाचा ६.६ ते ६.८. तेवढ्या आंबटपणाने निवलेलं ताजं दूध फाटत नाही. पण खदखदत्या दुधात गूळ पडला की उष्णता, आंबटपणा आणि गुळातले कॅल्शियमसारखे क्षार असे तिघे मिळून दुधातल्या केसीन या प्रथिनावर तुटून पडतात आणि त्याच्या गुठळ्या होतात. यातला एकजण कमी केला तरी दूध वाचतं. सगळ्यात सोपं म्हणजे उष्णता कमी करणं.

अधूनमधून फाटतं त्याची कारणं दोन. एक, दूध. सकाळचं दूध दुपारपर्यंत फ्रीजबाहेर राहिलं तर त्याचा सामू खाली आलेला असतो. साखरेच्या चहात ते खपून जातं, गुळाच्या चहात उघडं पडतं. दोन, गूळ. एकाच ढेपेतला मधला भाग कोरडा असतो आणि कडेचा, पावसाळ्यात पाणी सुटलेला भाग आंबूस असतो. म्हणून खडा घेताना ओलसर, बोटाला चिकटणारा टाळा; कोरडा आणि कडक, फोडला की कटकन तुटणारा घ्या. फार पिवळाधमक गूळ बहुधा हायड्रोस घालून उजळलेला असतो. पण काळा दिसला म्हणजे बिनरसायनी, असंही समजू नका. रस जास्त आटला, करपला तरी गूळ काळा होतो आणि त्या गुळाचा चहा काढ्यासारखा लागतो.

शंका असेल तर परीक्षा घ्या. वाटीत दोन चमचे उकळतं दूध घ्या, त्यात हरभऱ्याएवढा खडा विरघळवा आणि मिनिटभर थांबा. वाटीच्या कडेला रवाळ दाणे दिसले तर त्या दिवशी ती जोडी जमायची नाही.

दोन कपांची कृती: पाणी २०० मिली, गूळ २५ ग्रॅम, आलं ५ ग्रॅम (ठेचून), पत्ती ५ ग्रॅम, दूध १५० मिली. पाण्यात आधी आलं घालून झाकण ठेवा आणि दोन-तीन मिनिटं उकळू द्या. मग गूळ, तो पूर्ण विरघळला की पत्ती, आणखी दोन मिनिटं. दुसऱ्या शेगडीवर दूध वेगळं उकळून घ्या. दोन्हीखालचा गॅस बंद. चहाची उकळी पूर्ण बसली की गाळून दुधात ओता, हलवा आणि प्या. पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही, ही यातली एकमेव अट. थंड झाला म्हणून परत तापवायला गेलात की तिथेच फाटतो.

आलं आधी उकळायचं कारण वेगळं आहे. कच्च्या आल्यात दूध गोठवणारं एक विकर (एन्झाइम) असतं. उकळत्या पाण्यात ते निष्प्रभ होतं. आलं किसून थेट कोमट दुधात टाकणाऱ्यांचं दूध आल्यानेच फाटतं आणि आळ गुळावर येतो.

गूळ कुठलाही असो, गाळून घ्यावा, तळाशी चुन्याचा बारीक कण असतो. आणि खायच्या सोड्याची चिमूट टाकून दूध "सांभाळू" नका. दूध टिकतं, पण चहाचा रंग काळपट होतो आणि चव साबणासारखी लागते.

आधण (वाई)

किटली निर्दोष आहे, पत्ती चुकीची आहे.

दाणेदार पत्ती म्हणजे सीटीसी. आसामात १९३० च्या सुमारास दातेरी रुळांचं यंत्र आलं. त्यात पान चुरडलं जातं, फाटतं आणि गोळी होऊन बाहेर पडतं. पानाच्या सगळ्या पेशी फुटलेल्या, म्हणून रंग आणि तुरटपणा मिनिटभरात पाण्यात उतरतो. दूध-साखर घालून उकळायला ही पत्ती उत्तम. तिच्यासारखी स्वस्त आणि कडक दुसरी नाही. पण चिनी मातीची किटली ही त्या आधीच्या, अखंड वळलेल्या पानाच्या चहासाठी. पान हळूहळू उलगडतं, चार-पाच मिनिटं घेतं. दाणेदार पत्ती किटलीत टाकून पाच मिनिटं झाकलीत तर ती त्यातल्या तीन मिनिटांत कडू होऊन बसते. पद्धत जुनी आणि पत्ती नवी, सगळी गडबड इथे आहे.

तेव्हा पहिलं काम, ऑर्थोडॉक्स, म्हणजे वळलेल्या पानाचा चहा आणा. दूध घालणार असाल तर आसाम, बिनदुधाचा पिणार असाल तर निलगिरी. पाकिटावर बीओपी असं लिहिलेलं, म्हणजे तुकडा पानाचं, किटलीसाठी सोयीचं पडतं; अखंड पानाला जास्त वेळ लागतो. पण बीओपी ही खूण सीटीसीच्या पाकिटावरही असते, म्हणून "ऑर्थोडॉक्स" हा शब्द बघून घ्या. दार्जिलिंगच्या पहिल्या वेचणीचा महागडा चहा दुधात घालू नका, पैसे पाण्यात, म्हणजे दुधात.

दुसरं, चमचा विसरा आणि काटा घ्या. दाणेदार पत्तीचा सपाट चमचा अडीच-तीन ग्रॅम भरतो. पानाच्या चहाचा तोच चमचा दीड ग्रॅमसुद्धा भरत नाही, कारण पान फुगीर असतं. "माणशी एक चमचा आणि एक किटलीचा" हे जुनं माप पानाच्या चहाचं आहे. ते दाणेदारला लावलं तर दुप्पट पत्ती पडते.

आता कृती, ४०० मिलीसाठी. बिनदुधाचा हवा असेल तर पान ५ ग्रॅम, दुधाचा हवा असेल तर ८ ग्रॅम. किटलीत आधी उकळतं पाणी भरून दोन मिनिटं ठेवा आणि ओतून द्या. ही पायरी लोक गाळतात आणि तुमचा पहिला कप बहुतेक इथेच पाणचट होतो: जाड चिनी माती थंड असेल तर आधण ओतता ओतताच पाच-दहा अंशांनी उतरतं. मग पान टाका, खळखळतं आधण वरून ओता, झाकण, टीकोझी. पाचव्या मिनिटाला झाकण काढून चमच्याने एकदाच तळापासून हलवा, कारण गडद अर्क खाली बसलेला असतो आणि वरचा फिका असतो. न हलवता ओतलं तर पहिला कप फिका आणि शेवटचा गडद येणारच.

यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची. सगळा चहा लगेच गाळून दुसऱ्या, तापवलेल्या किटलीत काढा आणि टीकोझी *तिच्यावर* घाला. चोथ्यासकट किटली झाकून ठेवली तर ऊब आणि कडवटपणा दोन्ही राखले जातात. दुसरी किटली नसेल तर थर्मास चालतो, फक्त त्यात कधी कॉफी ठेवलेली नसावी. दूध कपात, किटलीत नाही.

मापाबद्दल वाद नको म्हणून: चहा चाखणाऱ्यांसाठी आयएसओ ३१०३ नावाचं एक आंतरराष्ट्रीय मानक १९८० मध्ये निघालं. त्यात १०० मिली पाण्याला २ ग्रॅम आणि सहा मिनिटं धरली आहेत. पण ते प्रमाण चहातले दोष उघडे पाडण्यासाठी आहे, पिण्यासाठी नाही. त्या मापाने केलेला कोरा चहा एक घोट घेऊन खाली ठेवाल.

कल्हई_पाहिजे (कराड)

पातेल्याचं कुणी बोललंच नाही. अजिंक्यतारा, कल्हई कशी आहे ते सांगा आधी. पितळेच्या भांड्यात कल्हईशिवाय चहा करू नका, त्यात गुळाचा तर मुळीच नाही. ताक पितळेत कळकतं हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक असतं. गूळ-आल्याचा चहाही आंबटच आहे, तोही कळकतो, फक्त दुधाने रंग झाकला जातो म्हणून दिसत नाही. तांबं-जस्त उतरलेल्या चहाला जिभेच्या कडेला धातूची चव येते आणि पुढे मळमळ.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

तळाला बशीएवढा भाग पिवळा दिसतोय, बाकी पांढरट. चालेल?

कल्हई_पाहिजे (कराड)

नाही चालणार. पिवळं दिसलं की कल्हई गेली. तुमची गेली आहे तळाची, म्हणजे भांडं रिकामं तापवलं गेलंय. कल्हई म्हणजे कथलाचा थर, आणि कथील २३२ अंशांना वितळतं. गॅसवर कोरडं पातेलं मिनिट-दीड मिनिट राहिलं तरी ते ठिकठिकाणी गोळा होतं आणि खालचं पितळ उघडं पडतं. पितळी भांड्यात आधी पाणी, मग गॅस. तूप तापवायला, फोडणी द्यायला ते वापरायचं नाही.

कल्हई करून घेताना समोर उभे राहा. भांडं घासून तापवतात, नवसागराची भुकटी टाकतात, पांढरा धूर निघतो (तोंड बाजूला करा, खोकला येतो), मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने भराभर पसरवतात आणि लगेच पाण्यात बुडवतात. विचारायचं एकच: कथील शुद्ध आहे का? डाग लावायचं, म्हणजे सोल्डरचं कथील नको, त्यात शिसं असतं. चांगली कल्हई चांदीसारखी सलग दिसते. काळे ठिपके, राखाडी पट्टे दिसले तर पुन्हा करून मागा. घरी आल्यावर पहिलं पाणी उकळून फेकून द्या, नवसागराचा खारटपणा जातो.

घासायचं कसं: बाहेरून चिंच, राख, पितळ उजळायची पावडर, काय वाटेल ते. आतून फक्त मऊ कापड आणि साधा साबण. तारेची घासणी आत फिरवलीत तर महिन्याभरात परत कल्हईवाला शोधत फिराल, आणि तो आता मिळतो कुठे सहज? आमच्याकडे वर्षातून एखाद-दोनदा गल्लीत आरोळी येते, तेवढीच.

आता चहा. पितळेत दुधाचा चहा चांगला होतो यात जादू काही नाही. पितळ उष्णता स्टीलपेक्षा कितीतरी बरी पसरवतं, त्यामुळे दूध एकाच जागी तळाला लागत नाही आणि मंद आचेवर बराच वेळ उकळता येतं. पातळ स्टीलच्या पातेल्यात ज्योतीच्या गोलावरच दूध चिकटतं आणि करपट वास सगळ्या चहाला लागतो.

पुण्याच्या अमृततुल्यांत करतात त्या पद्धतीचा, चार कपांसाठी: म्हशीचं दूध ४०० मिली, पाणी २०० मिली, साखर ५० ग्रॅम, पत्ती १२ ग्रॅम (इथे दाणेदारच), वेलदोडे तीन आणि सुंठ पाव चमचा कुटून. पाणी, साखर, पत्ती एकत्र उकळा, दोन मिनिटं. दूध घाला. उकळी वर आली की आच मंद करा आणि पळीने वरून खाली सोडत राहा, चार-पाच मिनिटं. याने साय धरत नाही, ऊतू जात नाही आणि चहा दाट लागतो. वेलदोडा-सुंठ शेवटच्या मिनिटाला. आधी टाकली तर वास वाफेबरोबर जातो. मग फडक्यातून गाळायचा.

फडक्याचंही सांगतो, कारण जुन्या चवीचा मोठा वाटा तिथे आहे. जाळीच्या गाळणीतून पत्तीची भुकटी कपात उतरते आणि पिईपर्यंत अर्क सोडत राहते. कापडातून ती उतरत नाही, चहा शेवटच्या घोटापर्यंत सारखा लागतो. मलमल दुहेरी किंवा मांजरपाट एकेरी. नव्या कापडाला खळ असते, ती दोनदा पाण्यात उकळून काढा, साबण लावू नका, त्याचा वास जात नाही. गाळल्यावर चिमट्याने एकदा हलकं दाबा. पिळून पिळून शेवटचा थेंब काढणाऱ्यांना त्या थेंबात फक्त तुरटपणा मिळतो. फडकं लगेच नुसत्या पाण्यात खळबळून उन्हात. आंबूस वास आला तर सोडा घातलेल्या पाण्यात उकळा, तरी गेला नाही तर टाकून द्या.

आधण (वाई)

दूध पडल्यावर चार-पाच मिनिटं उकळणं मला जास्त वाटतं. पत्ती एकूण सात मिनिटं उकळत्या पाण्यात राहते.

कल्हई_पाहिजे (कराड)

कोऱ्या चहाला जास्त आहे, मान्य. दुधाच्या चहात केसीन तुरटपणा धरून ठेवतं, म्हणून दुप्पट वेळ खपतो. म्हशीचं दूध आणि दोन भाग दूध-एक भाग पाणी हे प्रमाण असेल तरच हा वेळ. गाईचं दूध असेल किंवा निम्मं पाणी असेल तर दूध पडल्यावर दोन मिनिटं बास.

आधण (वाई)

असं प्रमाणाबरोबर सांगा की मग. पटलं.

पठारावर (पाचगणी)

तवंगाचं उत्तर पाण्यात आहे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियमचे बायकार्बोनेट असतात. चहातले तुरट घटक हवेशी आणि या कॅल्शियमशी मिळून पृष्ठभागावर पातळ पापुद्रा धरतात. तेलकट दिसतो, पण त्यात तेल नसतं. काळ्या रानातल्या बोअरला, जत-आटपाडीकडे तर जास्तच, हा त्रास असतो. घरातल्या बंबाच्या किंवा गिझरच्या नळीत पांढरा थर धरत असेल तर तुमचं पाणी त्यातलंच.

उपाय फुकटचा: चहाचं पाणी आदल्या रात्री पाच-सात मिनिटं खळखळून उकळा, झाकून ठेवा. पांढरी पूड तळाला बसते. सकाळी वरचं पाणी न हलवता काढून घ्या. उकळण्याने जाणारा जडपणा एवढ्याने बराच जातो. न जाणारा जडपणा असेल तर पिण्याचं नगरपालिकेचं पाणी वापरा. "शिळं पाणी चहाला वाईट" हे मी पण ऐकलंय. जड पाणी आणि शिळं पाणी यातलं एक निवडायचं तर मी शिळं निवडेन. कोऱ्या चहात लिंबाचे चार-पाच थेंब टाकले तरी तवंग जातो आणि रंग एकदम उजळ होतो. आरओचं पाणी असेल तर पत्ती थोडी कमी टाका, मऊ पाण्यात चहा लवकर आणि जास्त उतरतो.

उंचीचंही ध्यानात घ्या. दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण एक अंश खाली येतो. सांगलीत पाणी जेमतेम ९८ अंशांना उकळतं, साताऱ्यात साडेसत्त्याण्णवच्या आसपास, महाबळेश्वरला पंचाण्णव-साडेपंचाण्णवला. खालच्या मंडळींना फरक पडत नाही. इथे वर मात्र किटलीतला पानाचा चहा पाचऐवजी सहा मिनिटं मुरवावा लागतो. उकळायच्या चहाला काही करायला नको.

गवती चहाचा प्रश्न कुणी विचारला नाही, पण अंगणात असेलच. त्याचा वास उडून जाणारा असतो. दोन पाती गाठ मारून आधणात टाका, *झाकण ठेवून* तीन मिनिटं. उघड्या पातेल्यात उकळलात तर स्वयंपाकघर दरवळतं आणि कपात काही उरत नाही.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

बंबाला पांढरा थर आहेच. कल्हईसाठी पातेलं बाजूला काढलं. सामोवारचं कुणीतरी सांगा. नळ आहे, मधून धुरांडं आहे, वर मुकुटासारखी कडी आहे.

कोरा_चहा (मिरज)

नळ आणि मुकुट आहे म्हणजे रशियन घाटाचा. काश्मिरी सामोवाराला नळ नसतो, सुरईसारखी तोटी आणि कडी असते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण काश्मिरी सामोवारात कहवा पोटातच शिजवतात, रशियनमध्ये पोटात फक्त पाणी. त्यात पत्ती, दूध, साखर टाकलीत तर नळ चिकटतो आणि आतली कल्हई कायमची डागाळते. रचना आपल्या बंबाचीच आहे: मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी, खाली जाळी, राख पडायला जागा.

पेटवायच्या आधी तीन गोष्टी तपासा. आत टॉर्च मारून बघा, कल्हई सलग आहे का. गार पाणी भरून रात्रभर कागदावर ठेवा, सांध्यातून पाझर आहे का. आणि मधल्या नळीतून वर बघितलं तर पलीकडचा उजेड दिसायला हवा. घरट्यांपासून वर्तमानपत्रापर्यंत काहीही अडकलेलं असतं.

पेटवायचा उघड्यावर. अंगणात, गच्चीवर, फार तर चारी बाजूंनी मोकळ्या पडवीत. बंद खोलीत कोळसा पेटवू नका, ही सूचना नेहमीची म्हणून वाचून सोडू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस डोकं दुखतंय म्हणेपर्यंत उशीर झालेला असतो.

आधी पाणी, काठाखाली दोन बोटं ठेवून. मग विस्तव. उलट केलंत तर नळीचे डाग मिनिटांत वितळतात आणि सामोवार गळका होतो. जुन्या बाजारात मिळणारे निम्मे गळके सामोवार याच कारणाने गळतात. लाकडी कोळशाचे अक्रोडाएवढे तुकडे शेगडीवर लाल करून घ्या आणि चिमट्याने नळीत सोडा, वर थोडे काळे कोळसे. दगडी कोळसा नको, त्याच्या गंधकाचा वास पाण्याला लागतो. रॉकेल तर अजिबात नको. ओढ धरायला वर हातभर पत्र्याची नळी लावतात. ती नसेल तर खालच्या जाळीशी पुठ्ठ्याने वारा घाला. दोन लिटर पाण्याला वीस ते तीस मिनिटं. आधी शीळ घातल्यासारखा बारीक आवाज येतो, मग घुमतो, मग खळखळतो. घुमायला लागला की लांब नळी काढा आणि मुकुट बसवा.

चहा वरच्या छोट्या किटलीत. हा अर्क असतो, थेट प्यायचा नाही. ३०० मिली उकळत्या पाण्यात १५ ग्रॅम पान, किटली मुकुटावर, दहा मिनिटं. किटली थेट धगीवर येत असेल तर खाली फुलपात्राचं झाकण सरकवून धग अर्धी करा. अर्क उकळला तर संपला, शिजलेल्या पाल्यासारखा लागतो. कपात एक भाग अर्क, तीन भाग सामोवारचं पाणी. दूध घालणार असाल तर एकास दोन. याची खरी मजा ही की चारजण बसले असतील तर प्रत्येकाला आपापला कडकपणा मिळतो, पातेलं परत चढवायला लागत नाही.

दाणेदार पत्तीने करायचंच असेल तर १० ग्रॅम, चार मिनिटं आणि लगेच गाळून अर्क दुसऱ्या किटलीत. आधण यांनी वर सांगितलंय तेच.

विझवताना आधी धुरांड्यावर झाकण, कोळसे निवू द्या, राख काढा, *मग* पाणी सोडा. निखारे असताना पाणी संपू द्यायचं नाही. तळाशी नळाच्या पातळीखाली पाणी उरतंच, ते उलटं करून काढा आणि उन्हात वाळवा, नाहीतर आत हिरवं चढतं. क्षार चढला तर लिटरभर कोमट पाण्याला २० ग्रॅम लिंबूसत्त्व, अर्धा तास, दोनदा धुऊन घ्या. जास्त वेळ ठेवलंत तर क्षाराबरोबर कल्हईही जाते.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

रात्रभर ठेवून बघितला. सांधे कोरडे, पण नळातून थेंब थेंब गळतंय. वायसर टाकू का?

कोरा_चहा (मिरज)

त्याला वायसर नसतोच. चावी वर ओढून काढा, खाली निमुळता पितळी खुंटा दिसेल. तो खुंटा आणि त्याची खोबण घासूनच पाणी थांबतं, मधे क्षाराचा कण बसला तरी गळतं. आधी लिंबूसत्त्वाच्या पाण्यात खुंटा दहा मिनिटं बुडवा, पुसून परत बसवून बघा, पुष्कळदा एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर गॅरेजवाल्याकडून व्हॉल्व्ह घासायची बारीक पेस्ट बोटाच्या टोकावर येईल इतकी आणा, खुंट्याला लावा आणि खोबणीत अर्धा वळसा पुढे, अर्धा मागे फिरवत राहा. दाब नको, वजनावर फिरू दे. दोन-तीन मिनिटांनी पुसून बघा, खुंट्यावर वरपासून खालपर्यंत सलग मंद पट्टा उमटला की झालं. पट्टा एकाच बाजूला उमटला तर खुंटा दुसऱ्याच सामोवाराचा आहे किंवा वाकलाय, मग लेथवाल्याकडे न्या. पेस्ट राहता कामा नये: साबणाचं गरम पाणी, दात घासायचा जुना ब्रश, आणि पहिले दोन सामोवार पाणी नुसतं उकळून ओतून द्या.